चार टायर, एक कुलूप

सलिमा दार न वाजवताच आत आली. तिनं टेबलावर मोबाईल ठेवला, म्हणजे जवळजवळ आपटलाच, आणि उभ्यानंच म्हणाली, "आज चार वाजता माझ्या अब्बाच्या दुकानाला कुलूप लावणार हायेत. सगळ्या तेलगावादेखत. तुमी येणार का न्हाई तेवढं सांगा, मला परतीची गाडी धरायची हाय."

दिपालीताईंनी तिला बसायला सांगितलं. बीडमध्ये त्यांची 'खासगी तपास' अशी पाटी होती. गाड्यांचे अपघात, विम्याचे खोटे दावे, कधी न झालेल्या चोऱ्या, हे त्यांचं रोजचं काम. कोपऱ्यातल्या खुर्चीत धोंडीराम बसले होते. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर, आता ताईंच्या छोट्या गाडीवर. ताई त्यांना सहायक म्हणत. धोंडीरामांच्या मते तपास तेच करत आणि ताई फक्त शेवटी बोलत. माणूस भलता तापट. घाटात आपण नुसते चिडलो तरी समोरचा ट्रक मागं सरकायचा, असं ते सांगत. ऐकणाऱ्यानं शंका घेतलीच, तर तो ट्रक उसाचा होता आणि मागं ट्रॉलीही होती, एवढी भर घालत.

सलिमानं जे सांगितलं ते ऐकून त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या.

तेलगावच्या चौफुलीवर तिच्या वडिलांचं, जलालुद्दीन यांचं, टायरचं दुकान. तीन आठवड्यांपूर्वी राधाकिशनआण्णांनी तिथं आपल्या जीपला चार नवे ऑल-टेरेन, म्हणजे रानात आणि डांबरावर दोन्हीकडं चालणारे, टायर घातले. आण्णा म्हणजे ऐंशी एकर बागायत आणि पंचक्रोशीतलं पुढारपण. परवा सकाळी त्या जीपचा पुढचा डावा टायर दिंद्रुडच्या अलीकडं फुटला. जीप रस्ता सोडून कडेला खणलेल्या चारीत घुसली आणि ड्रायव्हर सटवाचा पाय मांडीत मोडला. टायर निघाला सात वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून गावात एकच बोलणं: जलालनं शिळा माल ताजा म्हणून विकला.

"बिलावर अब्बांनी टायर बनल्याचा आठवडा आन् साल लिहिलंय," सलिमा म्हणाली. "आण्णा म्हणतात, कागदावर काय, कुणीबी काय बी लिहील. कुलूप घेऊन येतो म्हणले. एकदा लागलं की ते निघत न्हाई, ताई. आन् अब्बा दुकान सोडून हलायला तयार न्हाईत."

मग तिनं मोबाईलवरची चित्रफीत दाखवली. अपघातानंतर पाचच मिनिटांत तिथून जाणाऱ्या दूधवाल्यानं ती काढली होती. जीप चारीत होती, चारी चाकं आसापर्यंत काळ्या चिखलात. फुटलेल्या टायरचा वरचा तुकडा तेवढा वर दिसत होता, त्यावरची पांढरी ठळक अक्षरं फाटून लोंबत होती. कडेला पांढऱ्या बुशकोटातला, कपाळावर गंध लावलेला एक माणूस हात वर करून गर्दीला सांगत होता, "बघा रे, दोन हजार अठराचा माल हाय, बत्तिसाव्या आठवड्याचा. जलालनं घात केला." तेवढ्यात जीप ओढायला ट्रॅक्टर आला आणि चित्र संपलं.

"हा कोण?" ताईंनी विचारलं.

"शिवशंकर. समोरचं टायरचं दुकान त्याचंच."

ताईंनी ते तीनदा बघितलं. धोंडीरामांनी एकदाच बघितलं आणि ते पेटले. आत माणूस पाय मोडून विव्हळतोय आणि हा बाप्पा बाहेर टायरच्या तारखा वाचत बसलाय, असं म्हणून त्यांनी जी शिवी दिली ती इथं लिहिता येत नाही. ताईंनी मात्र त्यांच्याकडं जरा चमकून बघितलं आणि गाडी काढायला सांगितली.

*

सटवा तेलगावातल्या एका खासगी दवाखान्यात होता. पायाला वजन टांगलेलं, तोंड सुकलेलं. धोंडीरामांनी ड्रायव्हर म्हणून ओळख सांगितली तेव्हा कुठं तो मोकळा झाला.

टायर चांगले होते, असं तो म्हणाला. पहिले दहा-बारा दिवस तर जीप लोण्यातून सुरी जावी तशी काळ्या रानातून जायची. पऱ्हाटीच्या खुंटांवरून नेली तरी टायरच्या अंगाला ओरखडा नाही. एकदाच काय ती अडचण आली. बाभळीचा काटा मागच्या उजव्या चाकात घुसला, पार बोटाएवढा. भोकात खुपसायची ती रबराची दोरी त्याच्याकडं होतीच, त्यानं तिथंच बांधावर बसून मारली.

"मालकाला सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"न्हाई ओ. नव्या टायरला आठ दिवसात भोक पाडलं म्हणून बोलले असते. कुणालाच सांगितलं न्हाई."

"मग टायर कधी बिघडले?"

सटवानं आठवून सांगितलं. आण्णांचे चुलते वारले होते, त्यांच्या बाराव्याला सुरजदादा, म्हणजे आण्णांचा मुलगा, तेराव्याचं सामान आणायला एकटाच जीप घेऊन बीडला गेला होता. दिवस मावळताना आला. जीप धुऊन आणली होती, लखलखीत. आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी सटवाच्या हातात येईना.

"ओल्या डांबरावर ब्रेक मारला की साबणावर पाय पडल्यावानी सरकायची. दादाला बोललो, तर म्हणले, गाडीला काय न्हाई झालं, तुझ्याच हाताला कंप सुटलाय."

धोंडीराम ताडकन उठले. ड्रायव्हर गाडीबद्दल सांगतो तेव्हा ऐकायचं असतं, हे त्यांनी एकतीस वर्षं डेपोत ओरडून सांगितलं होतं आणि एकतीस वर्षं कुणी ऐकलं नव्हतं. सटवाच्या उशाशी ठेवलेली मोसंबी त्यांनी रागारागानं सोलली, फोडी त्याच्या हातात दिल्या आणि बाहेर पडले.

*

जीप जलालुद्दीन यांच्या दुकानाच्या अगदी तोंडाशी आडवी उभी करून ठेवली होती. ट्रॅक्टरनं मुद्दाम ओढून आणलेली. गिऱ्हाईक आत जाऊ नये म्हणून. फुटलेलं चाक तसंच, वर वाळलेल्या चिखलाचं कवच.

जलालभाई आत स्टुलावर ताठ बसले होते. पांढरी दाढी, काळे हात. आवाज चढवत नव्हते, पण त्यांच्यासमोरचा चहा गार झाला होता आणि त्यावर साय धरली होती.

"मी टायर कसा देतो ते इचारा गावाला," ते म्हणाले.

गावाला विचारायची गरज नव्हती, कारण ते स्वतःच सांगायला लागले. लोक पोरीसाठी स्थळ बघताना जेवढी चौकशी करत नाहीत तेवढी ते टायरसाठी करत. गाडी डांबरावर किती, रानात किती? रान काळं का मुरमाड? मागं कोण बसतं, काय लादता? गाडी कोण चालवतं? आण्णांच्या बाबतीत घडलं ते असं. चुलत्यांचा अंत्यविधी शेतात होता. जीप घासलेल्या टायरांमुळं चिखलात अशी रुतली की पाहुण्यांना गुडघाभर गाळातून चालत जावं लागलं. आण्णा संतापले आणि दोनच दिवसांनी जीप जलालभाईंच्या दारात आणून उभी केली. सुरज बरोबर होता. त्याला मड टायर हवे होते. मोठाल्या गठ्ठ्यांचे, राक्षसासारखे दिसणारे.

"मी म्हणलं, बाबा, ते निव्वळ चिखलासाठी असतात. तुमची गाडी दहातले आठ दिवस डांबरावर पळती. तिथं ते गुरगुरतात, लवकर झिजतात, आन् पावसात ब्रेक लांब लागतो. साधे हायवेचे घ्याल तर रानात पुन्हा रुताल. तुमाला ह्या दोघांच्या मधला पायजे. अंगानं जाड, खुंटानं फाटणार न्हाई असा. आन् माप कंपनीचंच, मोठं घातलं की वळताना गाडीला घासतं. आण्णांना पटलं. सुरज तोंड फुगवून बसला. शेवटी म्हणला, निदान पांढरी अक्षरं बाहेर दिसू द्या. तेवढं ऐकलं त्येचं."

चाकांच्या लोखंडी रिमा गंजल्या होत्या, म्हणून टायर बसवण्याआधी जलालभाईंनी त्या घासून त्यांना रुपेरी रंगही मारून दिला होता.

ताईंनी पर्समधून छोटा आरसा काढला, दाताचा डॉक्टर वापरतो तसा लांब दांडीचा. त्या फुटलेल्या चाकाशी बसल्या, आरसा चाकामागं घातला, चिखल खरवडला आणि आकडा वाचला. बत्तीस, अठरा. मग बाकीच्या तिन्ही चाकांमागंही तसंच केलं. तिन्हीवर तोच आकडा.

"तारीख आतल्याच अंगाला कावून?" धोंडीरामांनी विचारलं.

पूर्ण तारीख टायरच्या एकाच अंगाला असते, जलालभाईंनी सांगितलं. ह्या टायरला ती पांढऱ्या अक्षरांच्या उलट्या बाजूला येते. अक्षरं बाहेर ठेवली की तारीख आत.

मग ताईंनी धोंडीरामांकडून मागचं उजवं चाक जॅकवर उचलून घेतलं. ओल्या फडक्यानं टायरचा पृष्ठभाग पुसत त्या चाक हळूहळू फिरवत राहिल्या, पूर्ण दोन फेरे.  शेवटी हवेच्या व्हॉल्व्हशेजारचा वाळलेला चिखल त्यांनी नखानं उडवला. खाली रुपेरी रंगावर लाल आणि पिवळं काहीतरी दिसलं. बोट लावलं तर चिकट.

"पूजेचं हळदकुंकू हाय," धोंडीराम म्हणाले. त्यात काय बघायचं, अशा सुरात.

ताईंनी चारही व्हॉल्व्ह बघितले. चारही ठिकाणी तसाच एक लाल आणि एक पिवळा ठिपका.

"जलालभाई, तुम्ही टायर बसवल्यावर पूजा करता का?"

त्या दिवसात जलालभाई पहिल्यांदा हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "ते ज्यानं त्यानं घरी नेऊन करायचं असतं, ताई. ह्या हातानं केलेलं चालंल का त्यांना? आजच्या दिवशी तर न्हाईच."

सलिमा पाठमोरी झाली. धोंडीरामांनी रागानं जॅकला एक लाथ घातली. लागली त्यांनाच.

*

शिवशंकरनं मात्र दोघांचं हसून स्वागत केलं. दुकानात देवाची मोठी तसबीर, उदबत्तीचा वास. तो ट्रॉलीच्या चाकावर टायर चढवत होता आणि हात चालू ठेवूनच बोलत होता. जलालबद्दल त्याला वाईट वाटत होतं म्हणे. इतक्या वर्षांचा शेजार. पण माणसाच्या जिवाशी खेळ म्हणजे काय? आण्णा योग्यच करतात. असल्या माणसाला चौफुलीवर ठेवूच नये. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला, गळ्याच्या शिरा फुगल्या.

टायर चढला. हवा भरली. जलालला शिव्या घालता घालताच त्याचा उजवा हात मागच्या फळीवर गेला, एका डबीत अंगठा बुडाला, दुसऱ्या डबीत बोट. व्हॉल्व्हशेजारी एक लाल ठिपका, एक पिवळा ठिपका. मग तोच हात कपाळाला लागला. शिवी अजून अर्धीच झाली होती.

"तेलात कालवता वाटतं?" ताईंनी सहज विचारलं.

"खोबरेल तेलात. आमच्या वडलांपासून हाय ते. कोरडं उडून जातं. कुंकू लावल्याबिगर चाक ह्या दुकानाभाईर जात न्हाई."

"अपघात झाला तेव्हा तुम्ही तिथं लवकर पोचलात."

"मी दिंद्रुडहून येतच होतो. वडवणीच्या रस्त्याला माझं गोदाम हाय, तिकडं जायचं होतं."

बाहेर पडल्यावर धोंडीराम म्हणाले की माणूस तोंडाचा वाईट असेल, पण श्रद्धाळू आहे. रागात असतानाही देवाला विसरला नाही. ताई म्हणाल्या, "खरं आहे काका, विसरला नाही." आणि त्यांनी वडवणी ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला फोन लावला. काय बोलल्या ते धोंडीरामांना कळलं नाही, कारण ते तेव्हा रस्त्यात गाडी आडवी लावणाऱ्या एका टेम्पोवाल्याला गाडी कशी लावावी ते शिकवत होते.

*

आण्णा घरी नव्हते. चारच्या तयारीत होते. त्यांच्या पत्नी छबुबाईंनी दोघांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि पदरानं डोळे पुसले.

"माझंच चुकलं, बाई. नवे टायर आले, पण घरात सुतक. सुतकात कसली पूजा? नारळ फोडला न्हाई, चाकाखाली लिंबू ठिवलं न्हाई, कुंकवाचं बोट सुदिक लावलं न्हाई. म्हणलं, तेरावं झाल्यावर करू. मग पाहुण्यात राहूनच गेलं. त्या सटवाच्या पायावर आलं ते."

ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुमचं काही चुकलं नाही, मावशी. एवढं नक्की."

सुरज आतून आला तो रागातच. विशी-बाविशीचा, महागडा चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्या म्हाताऱ्याला टायरातलं काही कळत नाही, असं त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं. मी सांगत होतो मड टायर घाला, ऐकलं नाही, भोगा आता. "काय पकड असती त्येला. नुसत्या खडकावर उभी चढती गाडी, तसूभर सरकत न्हाई."

"कुठल्या खडकावर?" ताई म्हणाल्या. "तेलगावात तर सगळी काळी माती."

सुरज दाराकडं वळला. मग म्हणाला, मोबाईलवर बघितलंय.

"आणि बाराव्याला तुम्ही बीडला गेलात, तेव्हा गाडी कुठं धुतलीत?"

"धुतली असंल कुठंतरी. आता काय गाडी धुवायची बी चोरी झाली का?" तो आत निघून गेला. दार जोरात आपटलं. छबुबाई त्या दाराकडं बघत राहिल्या.

धोंडीरामांचं रक्त उकळत होतं. पण कशावर उकळावं ते ठरत नव्हतं. जीप सात वर्षं जुन्या टायरावर उभी होती, तारीख डोळ्यांनी बघितली होती. जलालभाई खोटं बोलणारे वाटत नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील? गाडी चालवताना त्यांनी हे विचारलं. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, "पावणेचार झालेत. जरा जोरात घ्या."

धोंडीरामांनी अशी घेतली की रस्त्यावरची दोन म्हसरं, एक सरपंच आणि सिमेंटची एक पाटी आपापल्या जागेवरून बाजूला झाली, असं ते अजूनही सांगतात.

*

चौफुलीवर तीस-चाळीस माणसं जमली होती. राधाकिशनआण्णा पुढं, हातात पितळी कुलूप, किल्ली लटकलेली. शिवशंकर त्यांच्या खांद्याशी. सुरज मोटारसायकलला टेकून लांब उभा. दाराच्या चौकटीत जलालभाई, आणि त्यांच्या पुढं सलिमा.

"पोरी, बाजूला हो," आण्णा म्हणाले.

दिपालीताई जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या राहिल्या. "आण्णा, कुलूप लावाच. पण बरोबर दुकानाला लावा. पाच मिनिटं ऐका."

आण्णांना असं कुणी बोलत नसे. ते इतके चिडले की थांबले.

"जलालभाईंनी दिलेल्या टायरातल्या एकात काटा घुसला होता. मागच्या उजव्या. सटवानं स्वतः दोरी मारली आणि भीतीनं कुणाला सांगितलं नाही. तुमची भीती, आण्णा. आता हे चाक बघा. मी इंच न् इंच पुसलंय. दोरी नाही, भोक नाही. फक्त हाच नाही, चारही टायर एकाच आठवड्याचे, सात वर्षांपूर्वीचे. म्हणजे हे ते टायर नाहीत. जलालभाईंनी दिलेला संच कुणीतरी काढला आणि तसाच दिसणारा, गोदामात पडून वाळलेला संच चढवला. नक्षी खोल, दिसायला नवा. पण रबर लाकूड झालेलं. म्हणून ब्रेकला सरकायचा, आणि म्हणून फुटला."

"कुणी बदलला?" आण्णांनी विचारलं. आवाज अजून कडकच होता.

"चाकं सांगतात. व्हॉल्व्हशेजारी बघा. एक लाल ठिपका, एक पिवळा, तेलात कालवलेले, चारही चाकांना. जलालभाई पूजा करत नाहीत, ते गिऱ्हाइकाकडं सोडतात. तुमच्या घरात सुतक होतं, छबुमावशींनी बोटसुद्धा लावलं नाही, आणि त्या बिचाऱ्या त्याच्यासाठी रडतायत. रिमांना तर टायर बसवतानाच नवा रंग मारला होता, म्हणजे कुंकू जुनं नाही, त्यानंतरचं. मग ते लावलं कुणी?"

गर्दीतल्या काहींनी शिवशंकरकडं बघितलं. ज्यांनी त्याच्याकडून टायर घेतले होते त्यांनी आधी.

"कुंकू काय, कुणीबी लावंल," शिवशंकर म्हणाला. "बाई काय बी बोलती, आण्णा."

"लावेल की. पण तुमचं आणखी एक आहे." ताईंनी सलिमाकडून मोबाईल घेतला आणि आण्णांच्या डोळ्यांपुढं धरला. "जीप चारीत आहे. चारी चाकं आसापर्यंत चिखलात. पांढरी अक्षरं बाहेर, म्हणजे तारीख आतल्या बाजूला, गाळाखाली. आज कोरड्या जमिनीवर ती वाचायला मला आरसा लागला. ह्यांनी जीप वर यायच्या आधी, रस्त्यावर उभं राहून, साल आणि आठवडा दोन्ही सांगितलं. बरोब्बर."

धोंडीरामांच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. हा बाप्पा तारखा वाचत बसलाय, असं आपणच सकाळी म्हणालो होतो. वाचायला तिथं तारीख होतीच कुठं? त्यांना स्वतःचाच एवढा राग आला की त्यांनी टोपी काढून मुठीत चुरगाळली. श्रद्धाळू माणूस म्हणे!

"अंदाजानं म्हणलो मी," शिवशंकर पुटपुटला.

"अंदाज सालाचा येतो. आठवड्याचा येत नाही. सात वर्षं न खपलेला माल रोज डोळ्यांपुढं असला की तो आकडा पाठ होतो." ताई वळल्या. "आता उरलं एवढंच की जीप ह्यांच्या हातात कशी गेली. सुरज, तो खडक कुठला होता, ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

 सुरजनं डोक्यावरचा चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

मग तो बोलला, खाली बघत. बाराव्याला लिंबागणेशच्या डोंगरात जीपवाल्या मित्रांची चढाईची शर्यत होती. घरात सुतक, आण्णांनी परवानगी दिलीच नसती. सामानाचं निमित्त काढलं. शिवशंकरकाका म्हणाले, एक दिवस माझे मड टायर लाव, सकाळी गोदामावर ये, संध्याकाळी तुझे परत घालून देतो. कुणाला कळणार नाही. संध्याकाळी टायर बदलले, डोंगरातला मुरूम दिसू नये म्हणून गाडी धुतली. परत घातलेले टायर आपलेच आहेत, असं त्याला वाटलं. अक्षरं तीच, नक्षी तीच.

"आन् टायर फुटल्यावर?" हे धोंडीरामांनी विचारलं. कुणी त्यांना विचारायला सांगितलं नव्हतं. "सटवा पडला तवा कळलं ना तुला? तवा का न्हाई बोललास? तुझी एक शर्यत झाकायला ह्या म्हाताऱ्याचं दुकान चाललं होतं. आन् त्या ड्रायव्हरला तू म्हणलास, तुझ्या हाताला कंप सुटलाय."



ताईंचा मोबाईल वाजला. वडवणीच्या हवालदारानं फोटो पाठवला होता. गोदामात ताडपत्रीखाली चार टायर, चारही ह्या वर्षाचे, आठवडा जलालभाईंच्या बिलावरचाच. एकाच्या मध्यावर रबराच्या दोरीचं काळं टोक वर आलेलं. तो फोटो हातोहात सगळ्या गर्दीत फिरला. तो फिरून येईपर्यंत शिवशंकरच्या आजूबाजूला कुणी उरलं नव्हतं.

माणूस मरावा असं मनात नव्हतं, असं तो सांगू लागला. पडून राहिलेला माल निघाला असता, जलालचं नाव गेलं असतं, एवढंच. त्याच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

आण्णा खवळले. त्यांनी कुलूप उगारलं आणि ते थेट रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाकडं निघाले. गर्दीही त्यांच्या मागं वळली. सकाळपासून तिला कुणाचं तरी दुकान बंद करायचंच होतं.

"आण्णा, थांबा."

जलालभाई उंबऱ्यातून उतरले होते. आवाज मोठा नव्हता, पण तो असा आला की ट्रॅक्टरसुद्धा थांबला असता.

"ते कुलूप तिकडं बी लावायचं न्हाई. त्येचं काय करायचं ते पोलीस करतील. दुकानाला कुलूप लावणारे तुमी कोण? आत्ता माझ्या लावत होता. उद्या आणखी कुणाच्या लावाल."

राधाकिशनआण्णांचा हात हळूहळू खाली आला. मग ते परत आले आणि जे त्यांनी आयुष्यात कदाचित कुणाला म्हटलं नसेल ते म्हणायला लागले, की जलालभाई, चूक झाली.

"मला न्हाई," जलालभाई म्हणाले. त्यांचा राग कमी झाला नव्हता, आणि त्यांनी तो झाकलाही नाही. "दवाखान्यात पाय टांगून पडलाय त्याला म्हणा."

आण्णांनी मान हलवली. मग, काहीतरी केलंच पाहिजे म्हणून, जीपकडं हात करून ते म्हणाले की हिला नवे चार टायर घाला, म्हणाल ते.

"न्हाई घालत."

"कावून?"

"टायर द्यायच्या आधी मी इचारतो, गाडी कोण चालवतं. सटवा पायावर उभा राहू द्या. तो येऊन सांगंल त्येला कसले पायजेत. तवर जीप इथून हलवा. माझ्या दारात गिऱ्हाईक येतंय."

गिऱ्हाईक वगैरे कुणी येत नव्हतं. पण आण्णांनी ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. जीप तीन चाकांवर खरडत, ठेचकाळत निघाली आणि तिच्या मागून सुरज चालत गेला. मोटारसायकल त्याच्या हातात होती, पण तो तिच्यावर बसला नाही.

गडबडीत आण्णांचं पितळी कुलूप जलालभाईंच्या काउंटरवरच राहून गेलं. धोंडीराम ते उचलून फेकायला निघाले होते. चारीत, विहिरीत, जमलंच तर सरळ मांजरा नदीत. सलिमानं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि सुटे पाने ठेवायच्या डब्यात टाकून दिलं.

"काका, बसा. चहा घ्या आता तरी."

धोंडीराम बसले. चहा कडक होता. जलालभाईंनीही घेतला आणि या वेळी सगळा संपवला. मग दिवेलागण झाली, मशिदीतून अजान आली, आणि तेलगावच्या चौफुलीवरच्या त्या दुकानाला कुलूप लागलं. रोजच्या वेळेला, रोजचंच जुनं लोखंडी, जलालभाईंच्या हातानं. किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.